काचेच्या डोळ्याचा उपासक : दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव आमच्या वाचकांपैकी कोणी ऐकले नसेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ सालापासून दिला जात असून त्याची वार्ता दरवर्षी वर्तमानपत्रांतून येते. परंतु पुरस्काराच्या नावामागे जो माणूस उभा आहे तो प्रथम चित्रकार होता, मग छायाचित्रकार, मग ठसे तयार करणारा मुद्रक, मध्यंतरी जादूगारही, आणि सरतेशेवटी चित्रपटकार झाला, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. या सर्व व्यवसायांतून एकच वस्तू त्याच्या हाती सतत राहिली. ती वस्तू म्हणजे भिंग. तिच्या आधारे त्यांच्या चरित्राकडे पाहावे, असा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची संस्कृतच्या अध्यापनासाठी नेमणूक झाल्यामुळे कुटुंब मुंबईस आले. शास्त्रीबोवांच्या मुलाने वेदाध्ययन करावयाचे, की चित्रे काढावयाची? मुलाचा ओढा स्पष्ट होता. १८८५ साली त्याने सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत नाव घातले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात रेखन, रंगकाम, मूर्तिकाम व वास्तुकला यांचा अभ्यास केला. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाचा नमुना तयार केल्याबद्दल त्यास सुवर्णपदक मिळाले आणि एका चाहत्याने त्यास एक किमती कॅमेरा भेट दिला. पदक मिळविणारे पुष्कळ असतात. त्या कॅमेऱ्याचे मोल मात्र या तरुणाने पदकापेक्षा अधिक मानले असावे, असे पुढील वृत्तान्तावरून दिसते.

कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे नामांकित जाणकार होते. या विद्यार्थ्याची तळमळ पाहून त्यांनी त्यास रतलाम येथे बाबुलाल वरूळकर यांच्याकडे तीन रंगांचे ठसे, छायाशिलामुद्रण आणि अंधाऱ्या खोलीतील कामे शिकण्यास पाठविले. रतलाम म्हणजे आजच्या आपल्याच मध्यप्रदेशातील गाव. तेथे शिकलेली अंधाऱ्या खोलीची शिस्त पुढे वीस वर्षांनी दादरच्या एका बंगल्यात कामी आली, ते आम्ही यथास्थळी सांगू.

पुढे त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. धंदा बरा चालू लागला होता, तोच १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीने त्यांची पत्नी व अपत्य हिरावून नेले. खचलेल्या मनाने ते बडोद्यास परतले. तेथे एक वेगळेच संकट उभे होते. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि ज्याचे छायाचित्र निघाले तो लवकर मरतो, अशी समजूत गावात पसरली होती. दुकानाकडे कोणी फिरकेना. आज ही गोष्ट वाचून आपणांस हसू येते. परंतु ज्याची चूल त्या दुकानावर पेटावयाची त्यास हसू आले नसेल. त्यांनी दुकान बंद केले, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीची विद्या घेतली आणि स्वतःचे आडनाव उलट क्रमाने लिहून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोग केले. माणसाचा डोळा केव्हा आणि कसा फसतो, हे त्यांस या काळात उमगले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर, सासरी त्या सरस्वतीबाई झाल्या. मंडळी त्यांना काकी म्हणत.

त्यानंतरची सात-आठ वर्षे थोडक्यात सांगता येतील. पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून १९०३ पासून नोकरी. स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ साली तिचा राजीनामा. लोणावळ्यास व नंतर दादरला छापखाना. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची सफर. आणि भागीदारांशी मतभेद होताच जमविलेला सर्व पसारा सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडणे. वयाची चाळिशी उलटली होती. घरात मुले होती. उत्पन्न नव्हते.

अशा वेळी, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईच्या गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची लीला चालली असता त्यांच्या मनापुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभ्या राहिल्या, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. त्यानंतर जे घडले ते मात्र अधिक मोलाचे, असे आमचे मत आहे. त्यांनी मिळतील तेवढे चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. रोज सायंकाळी चार-चार, पाच-पाच तास ते पडद्याकडे टक लावून बसत आणि उरलेल्या वेळी स्वस्तातला कॅमेरा, फिल्मचे तुकडे व पुस्तके यांच्याशी झुंजत. झोप नाही, जेवणाकडे लक्ष नाही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. वजन घटले, डोळे सुजले आणि पाहता पाहता दृष्टी जवळजवळ गेली.

ज्याचे सर्व काम डोळ्यांवर, त्याचे डोळेच गेले! डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी औषधोपचार केले आणि तीन-चार निरनिराळे चष्मे दिले. हळूहळू दृष्टी परतली. एखादा सामान्य माणूस त्या दिवसापासून दिवा मालवून लवकर झोपू लागला असता. दादासाहेब चष्मा लावून पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले.

येथे भिंगाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या डोळ्यात बाहेरून येणारे किरण वळवून आतील पडद्यावर एकत्र आणले जातात. हे वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम बुबुळापुढील पारदर्शक पटल करते आणि उरलेले आतील भिंग करते. कॅमेऱ्याचीही रचना तशीच. फक्त पडद्याच्या जागी फिल्म असते. समांतर किरण भिंगापासून ज्या अंतरावर एकत्र येतात त्यास नाभीय अंतर म्हणतात. ते अंतर कमी असेल तर भिंग पुष्कळसा देखावा एकदम टिपते, पण प्रत्येक वस्तू लहान येते; अंतर अधिक असेल तर थोडाच भाग येतो, पण मोठा येतो. भिंगाचे तोंड मोठे असेल तर उजेड अधिक शिरतो आणि मंद प्रकाशातही चित्र निघते. हे तीन हिशेब ज्यास जुळविता येतात त्यास कॅमेरा निवडता येतो.

निवड करावयास दादासाहेब १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. पैसा कोठून आणला? सुमारे १२ हजार रुपयांची विम्याची कागदपत्रे गहाण टाकून यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडून त्यांनी १० हजार रुपये उभे केले. लंडनमध्ये ते कोणास ओळखत नव्हते. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. एवढ्याच धाग्यावर ते त्याचे संपादक कॅबर्न यांच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. कॅबर्न यांनी आधी त्यांना या उद्योगापासून परावृत्त करून पाहिले, पण पाहुण्याचा निश्चय ओळखल्यावर यंत्रांची निवड करण्यास मदत केली आणि चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे धाडले. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील कलागृहात दादासाहेबांनी प्रत्यक्ष कामे पाहिली. नंतर त्यांनी ५० पौंडांस विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले आणि कोडॅकची कोरी फिल्म मागविली.

हा कॅमेरा म्हणजे हाताने दांडा फिरवून चालवावयाची एक लाकडी पेटी. सेकंदाला साधारण १६ चित्रे पडतील अशा एकसारख्या गतीने दांडा फिरला पाहिजे. अशा कॅमेऱ्यांना त्या काळी दोन किंवा तीन इंच नाभीय अंतराचे भिंग लावण्याची चाल होती. त्यात माणूस नाटकाच्या रंगमंचावर दिसावा तसा, नखशिखान्त आणि मोकळा दिसे. फिल्म फार मंद असे आणि तांबडा रंग तिला दिसतच नसे. तांबडे लुगडे पडद्यावर काळे होऊन येई. दिव्यांवर काम भागण्यासारखे नव्हते, म्हणून सूर्य हाच मुख्य दिवा. ज्याने रतलामला तीन रंगांचे ठसे केले होते त्यास कोणत्या रंगाचे चित्रात काय होते हे निराळे शिकवावे लागले नाही, हा त्यांचा मोठा फायदा होता.

१ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले. आता भांडवल देणाऱ्यांना काय दाखवावयाचे? दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. ती फिल्म पडद्यावर फिरविताच दाण्यातून कोंब फुटला, वेल चढली आणि महिनाभराची वाढ एका मिनिटाच्या आसपास डोळ्यांसमोर घडली. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट. आमच्या मते हा त्यांच्या बुद्धीचा सर्वांत सुंदर नमुना होय. भिंग बदलले नाही, जागा बदलली नाही, फक्त काळाचे माप बदलले.

‘राजा हरिश्चंद्र’ची कथा अनेकांनी सांगितली आहे, आम्ही ती लांबवीत नाही. काकींचे दागिने गहाण पडले. रात्री अंधाऱ्या स्वयंपाकघरात फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम काकी करीत, दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधीत, आणि चित्रण चालू असता उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत. तारामतीच्या कामास स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसविले. त्र्यंबकेश्वरचे मित्र तेलंग यांस दादासाहेबांनी कॅमेरा चालविण्याचे शिक्षण दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि एका नव्या उद्योगाचा पाया पडला. त्याच वर्षी दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलविले.

१९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली आणि दादासाहेबांनी मारुतीस आकाशात उडविले. आपल्या सौंसर भागातील जामसावळीचा मारुती पहुडलेला आहे हे आमच्या वाचकांस माहीतच आहे; पडद्यावरचा हा उडणारा मारुती पाहून त्या वेळचे प्रेक्षक भान विसरले. मद्रासेस तर तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. जादूगार केल्फाची विद्या आता कॅमेऱ्याच्या पोटात शिरली होती. फिल्मची एकच पट्टी दोनदा भिंगासमोरून नेणे, दांडा थांबवून मधली वस्तू बदलणे, एक चित्र विरत असता दुसरे उमटविणे, या युक्त्या त्यांच्या हातच्या मळ झाल्या.

यानंतर आला ‘कालियामर्दन’. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि १९१९ साली तिच्यातर्फे हा चित्रपट निघाला. बाळकृष्णाचे काम दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने केले; ती तेव्हा सुमारे सात वर्षांची होती. बाळकृष्ण यमुनेच्या डोहात उडी घेतो, तळाशी कालियाशी झुंजतो, काठावर गोकुळ आकान्त करते आणि अखेरीस फणीवर नाचत तो वर येतो. काठावरचे चित्रण सोपे. डोहातले कसे दाखवावयाचे?

ही अडचण केवढी होती हे कळण्यास पांढुर्ण्याच्या जाम नदीचा किंवा कन्हानचा एखादा डोह आठवावा. पाण्यात डोके बुडवून डोळे उघडले की सगळे धूसर दिसते. कारण असे की, डोळ्याच्या पुढच्या पटलाचा आणि पाण्याचा गुण जवळजवळ सारखा आहे. हवेतून शिरताना किरण जेवढे वळतात तेवढे पाण्यातून शिरताना वळत नाहीत. डोळ्याचे दोन-तृतीयांश बळ पाण्यात विरघळून जाते म्हणा ना! वाचण्याचे साधे भिंग स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून तळाची अक्षरे पाहावीत. हवेत मोठी दिसणारी अक्षरे पाण्यात फारशी मोठी दिसत नाहीत, कारण काचेच्या भिंगाची शक्ती तेथे साधारण पाव उरते. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी घरी अवश्य करावा.

म्हणून कॅमेरा हवेने भरलेल्या जलाभेद्य पेटीत ठेवावा लागतो आणि पेटीस काचेची खिडकी लागते. तरीही फसवणूक संपत नाही. सपाट काचेतून पाहिले की चार फुटांवरील मासा तीन फुटांवर आहे असे भिंगास दिसते. छायाचित्रकाराने खऱ्या अंतरावर नव्हे, तर दिसणाऱ्या अंतरावर भिंग जुळवावे लागते. शिवाय देखावा आकुंचतो. हवेत ७५ अंशांचा कोन टिपणारे भिंग पाण्यात ५५ अंशांच्या आसपासच टिपते. मागे सरकून देखावा बसवावा म्हटले तर मधले पाणीच आडवे येते. पाणी कितीही नितळ असो, त्यातील कण उजेड पसरवितात आणि चित्र दुधाळ होते. तांबडा रंग तर पहिल्या पंधरा-वीस फुटांतच बराचसा नाहीसा होतो. यावर उपाय एकच : वस्तूच्या शक्य तेवढे जवळ जावयाचे आणि जवळून पुष्कळ दिसेल असे रुंद कोनाचे, आखूड नाभीय अंतराचे भिंग लावावयाचे. सपाट काचेऐवजी घुमटाकार काच बसविली तर किरण तिच्यातून सरळ आत येतात व कोन कमी होत नाही. परंतु घुमटातून दिसणारे चित्र अगदी जवळ उभे राहते, म्हणून भिंग तितक्या जवळ जुळणारे असावे लागते. लहान जीवांसाठी मात्र सपाट काच आणि जवळून टिपणारे भिंग हेच बरे. तेथे वस्तू मोठी दिसते हा दोष गुण ठरतो. आजही पाण्याखाली जाणारे छायाचित्रकार भिंग निवडताना हाच हिशेब करतात.

फ्रान्सच्या लुई बुताँ या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली बान्युल्स येथील समुद्रात भावाने तयार केलेल्या पेटीतून छायाचित्रे काढली. नैसर्गिक उजेडात एकेका चित्रास अर्धा-अर्धा तास लागे. चालत्या चित्रांचे काम याहून कठीण, कारण तेथे सेकंदाला सोळा चित्रे हवीत. १९१४ साली अमेरिकेच्या जॉन अर्नेस्ट विल्यमसनने बहामा बेटांजवळ ते साधले. त्याने कॅमेरा पाण्यात नेलाच नाही. जहाजातून लोंबणाऱ्या लवचिक नळीच्या टोकाशी पोकळ गोळा बसवून, त्याच्या जाड काचेच्या खिडकीतून हवेत बसूनच चित्रण केले. योगायोग असा की, दादासाहेबांच्या कॅमेऱ्याचे नावही विल्यमसनच. पण तो लंडनचा विल्यमसन निराळा.

दादासाहेबांजवळ जहाज नव्हते, नळी नव्हती आणि लाकडी पेटी पाण्यात उतरविली असती तर ५० पौंडांचे ते धन एका क्षणात गेले असते. समोर सात वर्षांची पोर होती, तीही स्वतःची. त्यांनी जे हाती होते त्यावर भागविले. डोह कॅमेऱ्यासाठी घडविला. पाण्याचा खरेपणा सांभाळण्यापेक्षा पाहणाऱ्याच्या मनात पाणी उत्पन्न करणे त्यांनी पसंत केले : तळातील झुंज, मग काठावरील व्याकुळ चेहरे, पुन्हा झुंज, असा क्रम लावून त्यांनी प्रेक्षकास श्वास रोधून बसविले. आम्हांस वाटते, बहामाच्या समुद्रातील चित्रण हा यंत्राचा विजय होता, तर नाशिकचा डोह हा डोळ्याच्या अभ्यासाचा. दोहोंत थोरले-धाकटे ठरविण्याची गरज नाही.

या चित्रपटाच्या आरंभी एक विलक्षण गोष्ट आहे. गोष्ट सुरू होण्यापूर्वी साध्या वेषातील मंदाकिनीचा चेहरा पडदाभर येतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. मग त्या चेहऱ्यातूनच बाळकृष्ण प्रकट होतो. पिता भिंगाच्या एका बाजूस आणि कन्या दुसऱ्या बाजूस. नेहमी दूर ठेवलेले भिंग येथे इतके जवळ आले आहे, हे पाहताना नवल वाटते.

पुढे कंपनीतील भागीदारांशी त्यांचे पटले नाही. ते काशीस गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, पुन्हा परतून चित्रपट केले. त्यांच्या चित्रपटांची संख्या शंभराच्या आसपास भरते. परंतु १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटाचा बाजार उठला. ‘सेतुबंधन’ मुका निघाला होता, त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापुरात केलेला ‘गंगावतरण’ हा १९३७ सालचा बोलपट त्यांचा अखेरचा. तेथेही पाणीच होते, या वेळी स्वर्गातून उतरणारे. आणि साठी उलटलेल्या या गृहस्थाने ते उतरविण्यासाठी पुन्हा आपल्या जुन्या युक्त्या बाहेर काढल्या होत्या. त्यानंतर काम मिळाले नाही. शेवटची वर्षे नाशिकला अडचणीत गेली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे बहुतेक चित्रपट काळाच्या ओघात नष्ट झाले. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही, शिवाय आपल्या हवेत लवकर कुजणारी. आणि जुने पट राखून ठेवावेत ही जाणीव तेव्हा फारशी कोणास नव्हती. जे थोडे वाचले त्यांत ‘कालियामर्दन’चा बराच मोठा भाग आहे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेथे तो जतन केलेला आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीची ती मुलगी त्यात अजून फणीवर नाचत वर येते.